कोळसा तीन मीटरचा, मग दोनशे मीटर खडकाचा अभ्यास कशाला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चंद्रपूर भागातल्या एका भूमिगत खाणीत प्रशिक्षणाला गेलेल्या मायनिंग डिप्लोमाच्या विद्यार्थ्याने विचारलं आहे की, खाणीच्या नकाशाशेजारी कामठी, बाराकर, तालचेर अशी खडकांच्या थरांची नावं लिहिलेला उभा छेद लावलेला असतो. आपण काढतो ती गॅलरी (कोळशातून खोदलेला बोगदा) तीन मीटर उंचीची, मग वरच्या दोनशे मीटर दगडाशी आपलं काय काम? आणि दुसरं असं की, एकाच खाणीत एका डिपला (उताराच्या दिशेने जाणाऱ्या गॅलरीत) छत वर्षानुवर्षं उभं आहे आणि दोन पिलर (छत पेलायला सोडलेले कोळशाचे खांब) पलीकडे दर पाळीत छतात बोल्ट ठोकावे लागतात, हे कसं?

खाण कुठे काढायची हे कोळसा ठरवतो. पण ती कशी काढायची, किती कोळसा मागे सोडायचा, पंप किती लागतील, वरच्या शेतात पुढे भेगा पडतील का, हे सगळं कोळशाच्या वरचा-खालचा खडक ठरवतो. तुमचे दोन्ही प्रश्न तिथेच येऊन मिळतात. तुम्ही चंद्रपूरचे आहात, म्हणून वर्धा खोऱ्यावरच बोलतो.

हे कोळसाक्षेत्र म्हणजे प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातल्या गोंडवाना पट्ट्याचं वायव्येकडचं टोक. इथली जमीन ताणली जाऊन फॉल्टच्या (खडक तुटून सरकतो त्या) रेषांवर खचत गेली आणि त्या लांबट खळग्यात गाळ साचत राहिला. सगळ्यात खाली जुना चुनखडक, म्हणजे राजुरा-कोरपना भागातले सिमेंट कारखाने ज्याच्यावर चालतात त्याच घराण्यातला. त्यावर तालचेर: हिरवट शेल (चिखलापासून झालेला पापुद्र्यांचा दगड) आणि हिमनद्यांनी आणून टाकलेले गोटे. चंद्रपूरच्या नैऋत्येला इरईजवळ चुनखडकावर त्या हिमनदीचे ओरखडे आजही ओळखू येतात. एकोणिसाव्या शतकातच त्यांची नोंद झाली होती. एवढ्या उन्हाच्या जिल्ह्यात हिमनदीचा पुरावा उघड्यावर आहे, जमलं तर एकदा बघून या. तालचेरवर बाराकर, म्हणजे राखाडी-पांढरा वालुकाश्म, शेल आणि आपला कोळसा. बाराकरवर कामठी. पश्चिमेकडे त्यावर लॅमेटा नावाचे थर आणि दख्खनचा काळा दगड, आणि नदीकाठी सगळ्यांवर गाळ नि काळी माती.

छेदात बाराकर आणि कामठीच्या मधली रेघ नागमोडी काढलेली असते, ती नीट पाहा. बाराकरचे थर साचून झाले, कलले, काही जागी झिजून गेले, आणि मग त्या झिजलेल्या पृष्ठभागावर कामठीचा वालुकाश्म बसला. त्यामुळे कोळशाचा माथा आणि कामठीचा तळ यांच्यातलं अंतर सगळीकडे सारखं नाही. एका बोअरहोलमध्ये (जमिनीवरून तपासणीसाठी घेतलेल्या भोकात) दोघांच्या मधे भरपूर बाराकर सापडतो, दुसऱ्यात तो पातळ होत जातो. कामठी हा बराचसा सच्छिद्र, ठिकठिकाणी हाताने चुरडेल इतका ठिसूळ आणि पाण्याने भरलेला वालुकाश्म आहे. खाण खोदणाऱ्याच्या दृष्टीने या एका अंतराला छेदातल्या बाकी सगळ्या रेघांपेक्षा जास्त मोल आहे. त्याच्याकडे पुन्हा येतो. आधी छत, कारण माणूस रोज त्याच्याखाली उभा असतो.

वर्धा खोऱ्यात कोळशाचा मुख्य थर काही ठिकाणी पंधरा मीटरहूनही जाड आहे, मधे शेलच्या पट्ट्या असलेला. तीन मीटरची गॅलरी त्या थराच्या पोटात कुठेतरी काढावी लागते. म्हणून पुष्कळ ठिकाणी डोक्यावर दगड नसून कोळसाच छत म्हणून राखलेला असतो. नवीन माणसाला ही उधळपट्टी वाटते. पण वरचा शेल पातळ पापुद्र्यांचा असेल तर दीड-दोन मीटर कोळसा त्याच्यापेक्षा कितीतरी विश्वासाचा. तुमच्या दोन जागांमध्ये पहिली तपासणी हीच करा: जिथे छत उभं आहे तिथे वर कोळसा किती सोडलाय आणि जिथे त्रास आहे तिथे किती? गॅलरी थराच्या उताराबरोबर नीट चालली नसेल, तर काही पिलरांच्या अंतरात छतातला कोळसा पातळ होत जाऊन शेल उघडा पडलेला असू शकतो.

थराची जाडी इतकी का महत्त्वाची, त्याचा हिशेब सोपा आहे. छताचा सगळ्यात खालचा थर म्हणजे दोन्ही टोकांना पिलरांत घट्ट बसलेली तुळई धरा. तिच्या स्वतःच्या वजनाने येणारा ताण गॅलरीच्या रुंदीच्या वर्गाबरोबर वाढतो आणि थराच्या जाडीने भागला जातो. गॅलरी ४.२ मीटर रुंद आणि थर १० सेंटिमीटरचा असेल तर ताण साधारण २ मेगापास्कल (ताण-दाब मोजायचं एकक) येतो. शेलची ताणातली ताकद पुष्कळदा एवढीच असते. तोच खडक एक मीटर जाड असेल तर ताण ०.२ मेगापास्कल, दहापट कमी. खडक तोच, ताकद तीच, पण एक छत उभं आणि दुसरं खाली. आता जंक्शनवर, म्हणजे दोन गॅलऱ्या मिळतात त्या चौकात या. तिथला कर्ण ४.२ नाही, जवळजवळ ६ मीटर. वर्ग केला की ताण दुप्पट. छत पडतं ते बहुतेक वेळा जंक्शनवर, त्याचं कारण यात आहे.

वह्यांचा गठ्ठा दोन टोकांवर ठेवला तर मधे वाकतो, आणि त्याच वह्या एकमेकींना शिवून टाकल्या तर फळीसारखा ताठ राहतो. रूफ बोल्ट नेमकं हे करतो: पाच-सात पातळ थर एकत्र दाबून त्यांचा एक जाड थर बनवतो. म्हणून बोल्टची लांबी ठरवताना पहिला मजबूत थर किती उंचीवर आहे ते माहीत हवं. बोल्टचं टोक पापुद्र्यांतच संपलं तर पापुद्रे बोल्टसकट खाली येतात.

धनबादच्या सीएमआरआय (केंद्रीय खाण संशोधन संस्था) आणि आयएसएम (इंडियन स्कूल ऑफ माइन्स) या संस्थांनी मिळून भारतीय कोळसा खाणींच्या छतासाठी शंभर गुणांची पद्धत बसवली. त्यात थराच्या जाडीला ३० गुण, स्लिप-जॉइंटसारख्या (खडकातल्या भेगांच्या) दोषांना २५, पाण्याने-हवेने विरघळून सुटण्याला २०, खडकाच्या ताकदीला १५ आणि छतातून झिरपणाऱ्या पाण्याला १०. दगडाची प्रयोगशाळेतली ताकद फक्त १५ गुणांची, हे ध्यानात ठेवा. ‘सँडस्टोनचं छत आहे, काळजी नाही’ असं खाणीत सर्रास बोललं जातं. सँडस्टोनमध्येही अभ्रकाच्या पातळ चादरी असतात, तिथून तो सुटतो.

विरघळण्याच्या २० गुणांची प्रचिती तुम्हाला बादलीभर पाण्यात येईल. छतातून पडलेला राखाडी शेलचा ताजा तुकडा पाण्यात टाका. काही शेल तासाभरात कडांनी उकलतात, दुसऱ्या दिवशी तळाला नुसता चिखल उरतो. हाच शेल उन्हाळ्यात, कोरडी हवा आत येत असताना, निमूट उभा असतो. जुलैत दमट हवा इनटेकने (ताजी हवा आत घेण्याच्या वाटेने) आत शिरते, शेल ओल धरतो, फुगतो, सुटतो. पावसाळ्यात इनटेक बाजूच्या गॅलऱ्यांत छत जास्त का सोलतं, असं कोणी विचारलं तर पाऊस झिरपल्याचं सांगून गप्प बसू नका. पुष्कळदा वरून थेंबही आलेला नसतो, हवेनेच काम केलेलं असतं.

आता दोष. छतात बॅटरीचा झोत तिरका टाका. सरळ वर टाकला की सगळं सपाट दिसतं. तिरक्या उजेडात स्लिप चमकते. ती काळी, घासून गुळगुळीत झालेली, बोट फिरवलं तर तेलकट वाटणारी पातळी असते, तिच्यावर एकाच दिशेच्या बारीक रेघा. एक स्लिप सहसा फारसं बिघडवत नाही. पण समोरून दुसरी येऊन तिला वर मिळाली की मधला पाचरीसारखा तुकडा कशालाच टेकलेला राहत नाही. तो कुरकुरत नाही, माती गाळत नाही. बोल्ट नसेल तर एकदम येतो. झाडाच्या जुन्या बुंध्याचा गोल साचाही तसाच. छतात ताटाएवढं वर्तुळ आणि त्याच्याभोवती कोळशाची बारीक कड दिसली तर त्याखाली उभं राहू नका, आधी आधार द्या. आणि छताच्या शेलमध्ये लांबट, जिभेसारख्या पानांचे ठसे दिसले तर ते ग्लोसोप्टेरिसचे. ज्या जंगलापासून हा कोळसा झाला त्याचे. बघायला सुंदर असतात, पण पानं जिथे दाट पडलेली असतात, तिथूनच शेल हमखास उकलतो.

पहारीने छत ठोकून बघायची जुनी पद्धत कुठल्याही उपकरणाने हद्दपार केलेली नाही. खणखणीत आवाज म्हणजे थर वरच्याला चिकटून आहे. बद्द आवाज म्हणजे मधे फट पडली. एक हात छताला लावून दुसऱ्याने ठोकलं तर सुटलेल्या थराची थरथर हाताला कळते. मात्र ही पद्धत छताच्या अगदी खालच्या हातभर थराचंच सांगते. दीड मीटरवर फट पडलेली असेल तर खालचा जाड थर खणखणीतच वाजतो. म्हणून शंका असेल तिथे छतात भोक पाडून आत वाकडी तार फिरवून फट शोधतात, किंवा टेल-टेल (छत किती खाली सरकलं ते दाखवणारं साधन) बसवतात.

पिलरांचा हिशेब वरच्या सगळ्या खडकाशी जोडलेला आहे. वरच्या खडकाचं वजन दर मीटरला सुमारे ०.०२५ मेगापास्कल, दोनशे मीटरवर ५ मेगापास्कल. पिलर मध्यापासून मध्यापर्यंत ३० मीटर आणि गॅलरी ४.२ मीटर धरली, तर क्षेत्रफळाने २६ टक्के कोळसा निघतो आणि उरलेल्या पिलरांवर ५ ऐवजी जवळजवळ ६.८ मेगापास्कल येतात. दक्षिण आफ्रिकेत १९६० साली कोलब्रूक खाणीत पिलर एकापाठोपाठ एक कोसळून चारशेहून जास्त माणसं गेली. त्यानंतर सॅलमन आणि मन्रो यांनी मांडलेलं सूत्र वापरलं तर या पिलरची ताकद, गॅलरी ३ मीटर उंच असताना, साधारण १५.५ मेगापास्कल येते. सुरक्षा गुणांक (ताकद भागिले भार) २.३. आता जाड थर आहे म्हणून कोणी तळ काढत काढत उंची ६ मीटरवर नेली, तर त्याच पिलरचा गुणांक १.५ च्या खाली येतो. नकाशावर काहीच बदललेलं नसतं! सूत्रातले आकडे तिकडच्या कोळशावरून काढलेले आहेत, आपल्याकडे सीएमआरआयचं वेगळं सूत्र आणि नियमातलं कोष्टक वापरतात. पण उंची वाढली की पिलर दुबळा होतो, हे दोन्हीकडे सारखंच.

फ्लोअरबद्दल थोडंच सांगतो. कोळशाखाली चिकणमातीसारखा शेल असेल आणि त्यावर पाणी साचू दिलं, तर पिलर त्यात रुततो, गॅलरीचा तळ फुगून वर येतो, रूळ वाकडे होतात. उपाय एकच, पाणी साचू द्यायचं नाही.

डिपिलरिंग, म्हणजे मागे सोडलेले पिलर काढणं, सुरू झालं की वरच्या पन्नास-साठ मीटर खडकाशी गाठ पडते. पिलर काढले की छत गोफमध्ये (कोळसा काढून रिकाम्या झालेल्या जागेत) कोसळायला हवं, आणि ते वेळेवर कोसळणं हीच सुरक्षितता. पडलेला खडक फुगतो. तीन मीटरची पोकळी, आणि खडक पडून दीडपट नव्हे, नुसता वीस टक्के फुगला, तरी पंधरा मीटर उंचीपर्यंत पडझड होऊन पोकळी आपोआप भरते. वर पातळ थर असतील तर हे हळूहळू, आवाज देत घडतं. पण वर जाड, भेगा नसलेला वालुकाश्म असेल तर तो लटकून राहतो. आठवडे जातात, गोफचं क्षेत्र वाढत जातं, सगळे ‘छत चांगलं आहे’ म्हणून खूश असतात आणि मग ते एकदम खाली येतं. आतली हवा दाबली जाऊन गॅलऱ्यांतून सुसाटत बाहेर निघते. माणसं आणि टब (कोळशाच्या गाड्या) उचलून फेकले जातात. छत्तीसगडमधल्या चरचा खाणीत १९९० साली लाँगवॉलचे (लांब भिंतीसारखा कोळसा सलग कापत जाण्याच्या पद्धतीचे) सपोर्ट चिरडले गेले, तिथे वर डोलेराइट या अग्निजन्य दगडाची कठीण चादर होती. पेंच-कन्हान भागातही ट्रॅपच्या (काळ्या अग्निजन्य दगडाच्या) डाइक, म्हणजे उभ्या भिंती, आणि चादरी कोळशाच्या थरांत घुसलेल्या आहेत. तेव्हा बोअरहोलच्या नोंदीत कोळशाच्या वर दहा-पंधरा मीटरचा एकसंध दगड दिसला, तर तो कुठे आणि कधी तुटणार, हा प्रश्न पॅनल (खाणीतला कामासाठी आखलेला भाग) सुरू होण्याआधी विचारायचा. गरज पडली तर छतात भोकं घेऊन स्फोटाने तो मुद्दाम पाडतात. छत म्हणून राखलेला कोळसाही गोफमध्येच पडतो, आणि हवा लागली की स्वतःहून तापतो. त्यामुळे गोफ पुरा पडून दाबला जाणं आगीच्या दृष्टीनेही गरजेचं असतं.

आणि आता कामठी. पडझडीच्या वर खडक कोसळत नाही, पण वाकतो आणि त्यात भेगा पडतात. त्या भेगा कामठीच्या तळापर्यंत पोचल्या की पाण्याला वाट मिळते. शंभर मीटर उंच पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला दहा किलो. पाणी वाट सापडण्याचीच वाट बघत असतं. म्हणून मधला बाराकर किती जाड आणि त्यात किती शेल आहे, यावर डिपिलरिंग करायचं, वाळू भरत करायचं की पिलर तसेच सोडायचे, हे ठरतं. वालुकाश्मातली भेग उघडी राहते, मऊ शेलमधली दाबाने पुन्हा मिटते. छतात ज्याच्या नावाने आपण बोटं मोडतो तो शेल पन्नास मीटरवर आपला रखवालदार असतो.

पाण्याची दुसरी वाट माणसाने केलेली: नीट न बुजवलेलं बोअरहोल. कामठी भेदून कोळशापर्यंत गेलेलं जुनं भोक सिमेंटने भरलेलं नसेल तर ते थेट नळासारखं काम करतं. नकाशावरच्या प्रत्येक बोअरहोलसमोर ते बुजवल्याची नोंद आहे का, हे बघा. तिसरी वाट जुन्या कामांची. २७ डिसेंबर १९७५ ला झरियातल्या चासनाला खाणीत जुन्या कामात साठलेलं पाणी फुटून आत घुसलं आणि ३७५ कामगार गेले. जुन्या पाणी भरलेल्या कामांच्या ६० मीटरच्या आत शिरताना परवानगी आणि पुढे भोकं घेत जाण्याचा नियम आहे, तो कागदी समजू नका.

उथळ भागात कामठी आणखी वेगळी वागते. मघाशी पडलेला खडक फुगून पोकळी भरते म्हणालो, पण ठिसूळ वालुकाश्म पाण्याबरोबर वाळू होऊन गॅलरीतून वाहत गेला तर पोकळी भरतच नाही, ती वर वर सरकत जमिनीपर्यंत येते. ऑगस्ट २०२२ मध्ये चंद्रपूरजवळच्या घुग्घुसच्या आमराई वॉर्डात, जुन्या भूमिगत कामांच्या परिसरात, एक राहतं घर बघता बघता खोल खड्ड्यात गेलं. घरातली माणसं आधी बाहेर पळाली म्हणून वाचली. जुन्या, उथळ कामांवर वस्ती असेल तर वरच्या खडकाचा अभ्यास हा खाणीच्या कंपाउंडबाहेरच्या लोकांच्याही जिवाचा प्रश्न आहे, असं मी ठामपणे म्हणतो. खाण बंद झाली म्हणून ती फाइल बंद करता येत नाही.

उरला फॉल्ट. तुम्हाला वाटत असेल की बोअरहोल घेतले म्हणजे फॉल्ट कळले. दोन बोअरहोलमध्ये ४०० मीटर अंतर असेल तर तो भाग ‘सिद्ध साठा’ धरला जातो. थराचा उतार एकास दहा असेल तर तेवढ्यात कोळसा ४० मीटर खाली जायला हवा. मधे ५ मीटरचा फॉल्ट असला तर दुसऱ्या भोकात कोळसा ४५ मीटर खाली सापडेल, आणि कार्यालयात बसलेला माणूस उतार एकास नऊ लिहून मोकळा होईल. गॅलरीचा फेस (खोदकाम चालू असलेलं पुढचं तोंड) मात्र थेट दगडावर जाऊन आदळेल. म्हणून लहान फॉल्ट खाणीतच ओळखावे लागतात. फॉल्ट जवळ आला की उतार अचानक बदलतो, एकाच दिशेच्या स्लिप दर दहा-वीस मीटरऐवजी दर दोन-तीन मीटरला दिसू लागतात, कोळसा ढेकळांऐवजी भुगा होऊन निघतो, कोरड्या फेसला ओल येते. यातली दोन चिन्हं एकत्र दिसली तर पुढे भोक घेतल्याशिवाय ब्लास्टिंग करू नका. नॉर्मल फॉल्टमध्ये फॉल्टची पातळी ज्या बाजूला कलते, त्या बाजूचा भाग खाली गेलेला असतो. हरवलेला कोळसा वर शोधायचा की खाली, हे त्यावरून कळतं. आणि एवढ्याशा फॉल्टनेही कामठीचं पाणी कोळशापर्यंत आणलेलं असू शकतं.

तेव्हा पुढच्या पाळीला असं करा. तुमच्या पॅनलच्या सगळ्यात जवळच्या बोअरहोलची नोंद सर्व्हे ऑफिसातून मागून घ्या, कोळशाच्या वरचे पहिले दहा मीटर वहीत उतरवा आणि खाली जाऊन छतात तेच दिसतं का बघा. पडझड झालेली जागा सापडली तर सोनं, कारण तिथे दोन-तीन मीटर उंचीचा छेद फुकट उघडा झालेला असतो. आधार दिलेल्या जागेतूनच, वरिष्ठांना विचारून बघा. मग चांगल्या आणि वाईट छताच्या दोन्ही जागांतल्या स्लिप नकाशाच्या प्रतीवर काढा. त्या एका रेषेत येतात का आणि ती रेषा गॅलरीला समांतर जाते का, हे बघा. समांतर असेल तर तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच मिळेल. दिशा मोजताना मात्र होकायंत्रावर विसंबू नका. वर बोल्टच्या प्लेटी, खाली रूळ, सुई लोखंडाकडे ओढली जाते. गॅलरीच्या सेंटर लाइनची दिशा सर्व्हेयरने दिलेली असते, तिच्याशी स्लिप किती अंशाचा कोन करते तेवढं मोजा.